चतुर्थीनंतर घेतलेली रोपे आणि मार्गशीर्षातली फुले: फोंड्याकडच्या एका रोपवाटिकेविषयी

रोपवाटिकेविषयी लिहायचे तर रोपे घरी आणली त्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो, कारण त्या दिवशी सगळीच रोपे टवटवीत दिसतात. म्हणून मी मुद्दाम थांबले. चतुर्थी झाली, गणपतीवर टांगलेली रानफळा-फुलांची माटोळी उतरली आणि पावसाचा जोर जरा ओसरला, तेव्हा सप्टेंबरात गोव्यातल्या फोंड्याच्या परिसरातल्या एका रोपवाटिकेत पहिली खरेदी केली. त्यानंतर नवरात्रात आणि दिवाळीच्या आधी अशा आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि एकूण साधारण 2,200 रुपये खर्च झाले. आता कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला आहे, पहाटे पानांवर दव दिसते आहे आणि परसात काय टिकले, काय गेले याचा हिशेब मांडता येतो. रोपवाटिकेचे नाव मी देत नाही. काही गोष्टी तक्रारीच्या आहेत, त्या मालकांना समोरासमोर सांगून झाल्या आहेत आणि त्यातल्या दोन त्यांनी मान्यही केल्या आहेत.

गोव्यात बागेचे वेळापत्रक घाटावरच्यासारखे नसते, हे आधी सांगितले पाहिजे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या काळात परस हिरवागार असतो खरा, पण जाई, सोनटक्का, तगर, जास्वंद असली पावसाची सवय असलेली मंडळी सोडली तर फुलांचा आनंद बेताचाच असतो. जांभ्याच्या मातीतले अन्न पावसाने धुऊन गेलेले असते, मुळे आठवडेच्या आठवडे ओली राहतात आणि त्यावर ऑक्टोबरचे ऊन येऊन आदळते. या सगळ्यातून तगलेले झाड खरे फुलते ते शरद संपता संपता. तेव्हा दसऱ्याच्या बाजारात फुललेले रोप विकणे अवघड नाही. तेच रोप मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेपुरती फुले देते का, एवढेच मला पाहायचे होते.

रोपवाटिका दिसायला साधी आहे. रस्त्यालगत हिरव्या जाळीखाली फुललेल्या कुंड्यांच्या रांगा आहेत, त्यांच्या मागे पोफळींच्या सावलीत वाफे आहेत आणि अगदी शेवटी, जिथे गिऱ्हाईक सहसा जात नाही तिथे, पिशव्यांमध्ये लावलेली कलमे आहेत. पुढच्या रांगांची व्यवस्था मालक पाहतात आणि मागच्या भागाची जबाबदारी एका वयस्कर माळ्याकडे आहे, ज्यांना तिथले सगळेच ‘मामा’ म्हणतात. ही दोन वेगळी दुकाने आहेत असे समजून गेलात तर तुमचे पैसे वाचतील. मला हे तिसऱ्या फेरीत कळले.

पहिल्या फेरीत मामांनी मला मागच्या वाफ्यातली शेवंतीची सहा रोपे दिली होती, प्रत्येकी 40 रुपयांना. कळी तर नव्हतीच, पाने मळकट होती आणि उंची वीतभर. मी जरा नाराजीनेच घेतली. नवरात्रात पुन्हा गेले तेव्हा पुढच्या रांगेत गच्च फुललेल्या पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या होत्या, 150 रुपयांना एक. मोह आवरला नाही आणि दोन घेतल्या. त्या दोन्ही तीन आठवड्यांत वाळल्या. पाणी रोज घालत होते, ऊनही होते, मग काय झाले ते पाहण्यासाठी मी एक कुंडी उपडी केली. आत नारळाच्या भुशाचा घट्ट गोळा निघाला, मुळांनी चहूबाजूंनी जखडलेला. बाहेरून तो ओला होता, पण सुरीने मधोमध कापला तर आतला भाग बुचासारखा हलका आणि ठणठणीत कोरडा. मुळांनी असा जखडलेला गोळा एकदा आतून पूर्ण सुकला की त्यात पाणी सहजी शिरत नाही. मी घातलेले पाणी कुंडीच्या कडेने उतरून खालून निघून जात होते. या कुंड्या बाहेरून, थंड हवेच्या भागातून भरून येतात, त्या आडोशाला, मापात खतपाणी देऊन वाढवलेल्या असतात आणि बुटक्या राहाव्यात म्हणून त्यांना वाढ रोखणारी औषधेही दिली जातात, ही या व्यवसायातली सर्रास पद्धत आहे. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. समारंभापुरती शोभा हवी असेल तर 150 रुपये फार नाहीत. पण विकताना ‘ही चार आठवड्यांची पाहुणी आहे’ एवढे सांगायला हवे होते. मालकांचे उत्तर असे, की कोणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही. हे उत्तर मला पटलेले नाही.

वाफ्यातल्या सहा रोपांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि या रोपवाटिकेविषयी मला चांगले काही म्हणायचे आहे ते तिच्यामुळेच. सहापैकी तीन कुंड्या मी मागे विहिरीजवळ ठेवल्या आणि तीन पुढे बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. माती एकच, शेणखत एकच, शेंडेही एकाच दिवशी खुडलेले. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात विहिरीजवळच्या तिन्ही रोपांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसू लागल्या. पायऱ्यांवरची रोपे त्यांच्यापेक्षा उंच, हिरवीगार आणि कळीचा पत्ता नाही. मी खत वाढवले, मग कमी केले, एकदा रागाने दोन दिवस पाणीही तोडले. शेवटी तिसऱ्या फेरीत मामांना विचारले. त्यांनी खताविषयी एक शब्द विचारला नाही. म्हणाले, “बाय, रातचो दिवो खंय पेटता?” म्हणजे रात्रीचा दिवा कुठे जळतो?

आमच्या बाल्कांवातला दिवा रात्रभर चालू असतो, कारण सासूबाईंना पहाटे उठून तुळशीपाशी जायचे असते. शिवाय त्या आठवड्यात आकाशकंदीलही नेमका त्याच पायऱ्यांवर लागला होता. शेवंती हे लहान दिवसांचे झाड आहे. दिवस आखडत जातो आणि रात्र लांबते तेव्हाच त्याला कळी धरायची बुद्धी होते. खरे पाहता ते दिवस मोजत नाही, अखंड अंधार मोजते. अंधारात मध्येच उजेड पडला तर त्याच्या लेखी रात्र मोडली आणि ते पाने वाढवत बसते. दिवस-रात्रीच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडला आणि आज शेवंतीचे व्यापारी उत्पादक त्याचाच उपयोग करून बाराही महिने फुले काढतात. फूल लांबवायचे असेल तर मध्यरात्री दिवे लावतात, लवकर हवे असेल तर संध्याकाळीच काळे कापड ओढतात. गोव्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस जेमतेम 13 तासांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सव्वा अकरा तासांपर्यंत उतरतो. फरक दोन तासांहूनही कमी. पण तेवढा शेवंतीला पुरतो, आणि माझ्या एका दिव्याने तो पुसून टाकला होता.

कुंड्या त्याच संध्याकाळी मागे, न्हाणीघराच्या भिंतीआड हलवल्या. साधारण तीन आठवड्यांनी शेंड्यांवर कळ्या दिसल्या आणि आता त्यांतल्या दोन रोपांच्या कळ्यांना तांबूस रंग दिसू लागला आहे. विहिरीजवळची तिन्ही रोपे नोव्हेंबरच्या मध्यापासून फुलत आहेत. फुले पुढच्या रांगेतल्या कुंड्यांसारखी ठाशीव गोल नाहीत, जरा विस्कटलेली आहेत, पण देवाला वाहिल्यावर दुसऱ्या दिवशीही मान टाकत नाहीत. त्या रोपांचे 240 रुपये आणि वाळून गेलेल्या कुंड्यांचे 300 रुपये यांची तुलना मी आणखी वाढवत नाही.

झेंडूविषयी थोडक्यात. रोपे आठ रुपयांना एक याप्रमाणे 24 घेतली, निम्मी मोठ्या फुलाची आणि निम्मी बुटक्या, छोट्या फुलाच्या जातीची. परतीच्या पावसात मोठी फुले पाणी धरून जड झाली, माना लटकल्या आणि आतून कुजली. छोट्या जातीला त्याच पावसाने काही केले नाही. तुळशीच्या लग्नाला, म्हणजे आमच्या व्हडल्या दिवाळीला, वृंदावनाभोवती ऊस, दिंडा, आवळ्या-चिंचेचे डहाळे लागले तेव्हा तोरणाला लागणारी सगळी फुले घरची होती आणि ती बहुतेक या छोट्या झेंडूची होती. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडत राहिले तर तो अजूनही थांबायला तयार नाही. बाजारच्या संकरित झेंडूचे बी धरून ठेवण्यात मात्र अर्थ नाही, पुढच्या वर्षी त्यातून भलतेच निघते, आणि हे मालकांनी विचारण्याआधीच प्रामाणिकपणे सांगितले.

अबोलीची दोन रोपे ‘गावठी’ अशी पाटी लावलेल्या रांगेतून 60 रुपयांना एक याप्रमाणे घेतली. फुलण्याबाबत तक्रारीला जागा नाही. अबोलीच्या कणसात खालून वर, दोन-दोन चार-चार फुले रोज उमलतात आणि एकेक कणीस कितीतरी दिवस पुरते. त्या फुलाला एकाच बाजूला पंखा उघडावा तशी पाकळी असते आणि देठाची नळी इतकी बारीक, की सासूबाई केळीच्या सोपाच्या धाग्यात ती सुईशिवाय गुंफतात. सध्या एक दिवसाआड एक फाती, म्हणजे गुंफलेली माळ, निघते. पण ही अबोली गावठी नाही. आमच्या जुन्या अबोलीची कणसे सुकली आणि त्यांवर पाणी पडले, की शेंगा चट् चट् करत फुटतात आणि बिया हातभर लांब उडतात. लहानपणी आम्ही त्यांना मुद्दाम थुंकी लावून फोडत असू. या नव्या दोन झाडांच्या कणसांत आजवर एकही शेंग धरलेली नाही. बाजारात ‘दिल्ली’ म्हणून ओळखली जाणारी अबोलीची जात नारिंगी, भरघोस आणि वांझ असते, तिला बी धरत नाही, ती फाट्यांपासूनच वाढवावी लागते. माझी दोन्ही झाडे त्याच जातीची असावीत. फूल सुंदर आहे, रंग आमच्या जुन्या अबोलीपेक्षा गडद आहे, पण ज्याला परसात आपोआप पसरणारी अबोली हवी आहे त्याने ही घेऊ नये, आणि रोपवाटिकेने पाटी बदलावी. ही मान्य झालेल्या दोन तक्रारींपैकी एक.

दुसरी तक्रार गंभीर आहे. नवरात्रात घेतलेल्या 150 रुपयांच्या जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूण घरात आला. पानांच्या बगलेत कापसाचे दोन ठिपके होते, ते मी रोपवाटिकेत पाहिले नाहीत, ही माझीही चूक. दहा दिवसांत तो शेजारच्या जुन्या लाल जास्वंदीवर गेला, मुंग्यांची रांग लागली आणि कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. फांद्या छाटून जाळल्या, उरलेल्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, कडुनिंबाचे तेल फवारले आणि हे सगळे दर आठवड्याला, महिनाभर करावे लागले. जुनी जास्वंद वाचली, तिला आता पुन्हा फुले येत आहेत. नवी मी परत नेऊन दिली आणि त्यांनी वाद न घालता पैसे परत केले. पण पुढच्या रांगेत कुंड्या इतक्या दाटीने ठेवलेल्या आहेत, की एका झाडावरची कीड दुसऱ्यावर जायला चालावेही लागू नये. तेथून आणलेले कोणतेही झाड पंधरा दिवस घरच्या झाडांपासून लांब ठेवावे. हे मी आता कटाक्षाने करते.

गुलाबांविषयी मत देण्याइतका काळ गेलेला नाही. ऑक्टोबरात मामांनी स्वतः छाटून दिलेल्या दोन कलमांना दीड महिन्यात पहिली फुले आली, अपेक्षेप्रमाणे. एकाला डोळा बांधलेल्या जागेच्या खालून जोमदार फुटवा आला होता, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या झाडाचा, असतो आणि वेळीच मोडला नाही तर वरचे कलम उपाशी मरते, म्हणून मोडून टाकला. पानांवर काळे डाग आहेतच. गोव्याच्या दमट हवेत गुलाब लावणाऱ्याने ते गृहीत धरावेत.

तयार मातीच्या पिशव्या घेऊ नयेत. 150 रुपयांना एक अशा तीन घेतल्या, आणि शेणखताचा वास सोडला तर ती सरळ सरळ जांभ्याची लाल माती होती. दोन पाऊस आणि आठ दिवसांचे ऊन लागल्यावर कुंडीत वीट तयार झाली. मी ती फोडून तीत कुजलेले शेणखत, भाताचा तूस आणि थोडी रेती मिसळली, तेव्हा कुठे मुळांना श्वास घेता आला. घरपोच सेवेचे 250 रुपये घेतात. टेम्पो सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा आला आणि एका कुंडीचा काठ फुटला होता. चालक मुलगा मात्र इतका अजीजीने बोलला, की मी काही म्हटले नाही.

शेवटची खरेदी मोगऱ्याची, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. दिवाळीच्या आधी 120 रुपयांना ‘मोगरा’ घेतला. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा, तेव्हा आता फुले येणार नाहीत हे मला ठाऊक होते आणि मी वाटही पाहत नव्हते. नोव्हेंबर संपता संपता त्यावर कळ्यांचे घोस आले. मला वाटले, झाडाचे काहीतरी बिनसले. मग पहिले फूल उमलले. निमुळत्या, टोकदार पाकळ्यांची पांढरी चांदणी, कळीच्या बुडाशी बारीक लव, वास मोगऱ्याच्या मानाने अगदी मंद, नाक जवळ नेले तरच येणारा. सासूबाईंनी एका दृष्टीत ओळखले. हा कुंद होता. दातांना ज्याची उपमा देतात त्या कुंदकळ्या मी आयुष्यात पहिल्यांदाच झाडावर पाहत होते, त्याही चुकीच्या पाटीमुळे.

डहाळी घेऊन रोपवाटिकेत गेले तेव्हा मालक दिलगीर झाले, बाहेरून आलेल्या मोगऱ्याच्या गठ्ठ्यात ते रोप मिसळले असणार असे म्हणाले आणि बदलून द्यायला तयार झाले. मी नको म्हटले. जाई संपली आहे, मोगऱ्याला अजून तीन महिने आहेत, आणि नेमक्या या फटीत सुवासाची पांढरी फुले देणारे झाड माझ्या परसात दुसरे नाही. मामा तेवढ्यात मागून आले, डहाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि मालकांना म्हणाले की आपल्याकडे कुंदाचे एकही झाड उरलेले नाही. मग माझ्याकडे वळून, जरा संकोचाने, बहर ओसरल्यावर दोन पेन्सिलजाडीच्या फांद्या आणून देता का असे त्यांनी विचारले. त्याच्या बदल्यात ते मला शेवंतीचे बुंधे चार बोटांवर छाटून मुळाशी येणारी पिले कशी वेगळी काढायची ते दाखवणार आहेत. जानेवारी अखेरची वेळ ठरली आहे, सकाळी नऊच्या आत, ऊन चढण्यापूर्वी.